शेंडे सरांची भाजीबंदी

शेंडे सर घरी आले की आधी आपली खुर्ची जाते.

तुम्ही म्हणाल, पाहुण्याला खुर्ची देण्यात विशेष ते काय? देण्यात काहीच नाही हो. पण सर दिलेल्या खुर्चीवर बसतच नाहीत. बैठकीत चार खुर्च्या रिकाम्या असल्या तरी यजमान रोज जिच्यावर बसतो, नेमकी तीच ते हुडकतात, तिच्यात घट्ट रुततात आणि यजमान ओशाळून उभा राहिला की त्याच्याकडे असे रोखून बघतात, जणू तोंडी परीक्षा सुरू झाली आहे.

छत्तीसगडातल्या आमच्या शहरात, ब्राह्मणपारा नावाच्या मोहल्ल्यात आमचं चष्म्याचं दुकान आहे आणि सर आमचे शेजारी. जन्मभर कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवली. मीही त्यांच्याच वर्गात बसून नापास झालो. एका सकाळी ते दुकानात आले असताना मी सहज बोलून गेलो, "सर, आजकालची औषधं भारी हं. कॅन्सरला मारून टाकतात."

झालं! सर ताडकन काउंटरच्या आत शिरले आणि माझ्या खुर्चीवर बसले.

"मारत नाही! बसतं!" ते गरजले. "औषध काय गुंडा हाय का बे? मले सांग, तू मेला का?"

"नाही सर."

"हातपाय शाबूत हायेत?"

"हव सर."

"मग विक चष्मा!"

विकणार कसा? गल्ला, भिंगांचे डबे, बिलबुक, सगळं सरांच्या पोटाच्या पलीकडे. दारात गिऱ्हाईक ताटकळलेलं.

"हेच!" सर विजयी चेहऱ्याने म्हणाले. "पेशीत एन्झाइम नावाचे कारागीर असतात. त्यांच्या अंगात एक खाच असते. कच्चा माल त्या खाचेत येऊन बसला की काम सुरू. आता कॅन्सरचं ते मेथोट्रेक्सेट घे. दिसायले त्या कच्च्या मालाचा, म्हणजे फॉलिक अ‍ॅसिडचा सख्खा भाऊ! एन्झाइमले वाटते, आपलंच माणूस आलं. औषध खाचेत शिरते अन् उठायचं नावच घेत नाही. कारागीर जिवंत, पण काम ठप्प! नव्या पेशीसाठी लागणारा डीएनएचा धागाच तयार होत नाही. अन् कॅन्सरच्या पेशीले तर एकीच्या दोन व्हायची भारी घाई. ती अडते. याले अडवणं म्हणतात, मारणं नाही. तू नापास काहून झाला, ते आज समजलं मले!"

तोवर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं होतं.

कुणी 'कॅन्सरशी झुंज' म्हटलं की सर भडकत. 'रामबाण' म्हटलं की अधिकच भडकत. तेलीबांध्याच्या एका हॉलमध्ये लग्न होतं. नवऱ्या मुलाचे मामा कौतुकाने म्हणाले की कीमोने रोग जळून जातो. पुढच्या क्षणी सर स्टेजवर होते. नवरदेवाच्या सिंहासनात, मखमली तक्क्याला टेकून! वरात दारात, बँड जोरात. मुलाकडचा एक तरुण हात जोडून म्हणाला, "अंकलजी, दूल्हा कहाँ बैठेगा?"

"यही तो सवाल है!" सर आनंदाने ओरडले आणि त्यांनी नवरदेवाला एन्झाइमची खाच समजावून सांगितली. फेटा सावरत तो बिचारा उभ्याने ऐकत होता. मुहूर्त टळायला आला तेव्हा नलिनीकाकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, त्यांना दंडाला धरून खाली आणलं. "अहो, त्या पोराला पास करा आता," एवढंच म्हणाल्या.

आणि मग कॅन्सर काकूंनाच झाला. छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, कीमो ठरली. डॉक्टरीणबाईंनी औषधांची नावं सांगितली, त्यात एक मेथोट्रेक्सेट होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी घरात भाजी बंद केली.

छत्तीसगडात भाजी बंद! इथे भाजी म्हणजे पालेभाजी. लाल भाजी, चेच, चरोटा, बोहार, मुनगा म्हणजे शेवग्याचा पाला. ताटात हिरवं नसलं तर इथल्या माणसाला आपण जेवलो असं वाटत नाही. आणि काकूंचा तर भाजीवर भारी जीव. पण सरांचा हिशोब पक्का होता. पालेभाजीत फॉलिक अ‍ॅसिडची सगळी भावकी. ती पोटात गेली की खाचेपाशी खऱ्या मालाची गर्दी होणार आणि औषधाला उठवून लावणार.

भाजीवाली टोपली घेऊन दारात आली की सर तिला फाटकावरच अडवत. ती हैराण. "का होगे सर, भाजी म कीरा हे का?" कीड नाही बाई, फॉलिक अ‍ॅसिड आहे, हे तिला कोण सांगणार? सरांनी सांगितलं. ती टोपली डोक्यावर घेऊन, मान हलवत पुढे गेली.

आमच्या पाऱ्यात कुणी आजारी पडलं की घराघरातून डबे जातात. सर ते डबे फाटकात उघडून तपासू लागले. माझ्या बायकोने, सुनीताने, साधं वरण नेलं, तर चष्मा कपाळावर चढवून त्यातली कोथिंबीर त्यांनी चमच्याने बाहेर काढली.

"शत्रूले रसद पुरवून राहिली तू!" ते तिला म्हणाले.

सुनीता घरी आली ती धुमसत. "कोथिंबीर हो! चार पानं! मी काय विष घातलं होतं?" मीही खवळलो. पण सरांशी वाद घालायला गेलो असतो तर आधी माझी खुर्ची गेली असती.

इकडे काकूंना अन्न जाईना. तोंड आलेलं, घास नकोसा. एकदा सुनीताला त्या हळूच म्हणाल्या, "मुनग्याची भाजी दोन घास मिळाली तर भात जाईल गं." मग काय! दोघींनी कट केला. डब्यात तळाशी मुनगा, वर दहीभाताचा जाड थर. सरांनी झाकण उघडलं, पांढराशुभ्र भात पाहून समाधानाने मान डोलावली. काकू कितीतरी दिवसांनी पोटभर जेवल्या. जेवून त्या सरांकडे पाहून हसल्या आणि घात झाला. समोरच्या दातावर हिरवं पान!

सरांचा आवाज आमच्या माडीवर ऐकू आला. "इतके दिवस त्या औषधाले मी जागा धरून ठेवून राहिलो, अन् तुम्ही बाया..."

"बास!" काकूंचा आवाज मी जन्मात पहिल्यांदा एवढा चढलेला ऐकला. "उद्या डॉक्टरीणबाईंना विचारू. त्या म्हणतील ते. पण मला भूक लागते तेव्हा माझ्या अन्नाला शत्रूची रसद म्हणू नका."

दुसऱ्या दिवशी दोघांना मी गाडीतून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई वयाने लहान, बोलायला मोकळ्या. काकूंनी सगळं गाऱ्हाणं सांगितलं. सरांनी हवेत बोटाने एन्झाइम काढून दाखवलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, शक्ति की गोली, टॉनिक, ये मुझसे पूछे बिना बिलकुल नहीं. वहाँ आप सही हैं. पर अच्छे से धोकर पकाई हुई भाजी खाने दीजिए. इनका वज़न गिर रहा है. मुझे उसकी ज़्यादा फ़िक्र है."

सर आता भडकणार म्हणून मी माझ्या खुर्चीला घट्ट धरलं. त्यांनी काकूंची फाईल उचलली आणि ते उठले.

परतताना काकू मागच्या सीटवर डोळे मिटून पडल्या होत्या. सर माझ्या शेजारी. पुरानी बस्तीच्या वळणावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. समोर बघतच सर म्हणाले, "मले माहीत होतं."

"काय सर?"

"वाटीभर भाजीनं त्या औषधाचं काही बिघडत नाही."

मी ब्रेकच दाबला. "माहीत होतं? आणि तरी तुम्ही अख्ख्या पाऱ्याला फाटकावर..."

"ओरडू नको. झोपली हाय ती."

सर मांडीवरची फाईल उगीच सरळ करत होते.

"औषध डॉक्टरचं. सुई नर्सची. डबा तुझ्या बायकोचा. दुखणं हिचं. माझ्याकडं काय होतं, सांग? जन्मभर तेच औषध फळ्यावर काढलं, अन् तिले ते देतात तेव्हा मी बाहेर बाकावर. अडवायले माझ्याजवळ फक्त भाजी होती."

पुढची रिक्षा हलली, मी गाडी हलवली.

"अहो," मागून आवाज आला. काकूंचे डोळे मिटलेलेच होते.

"हं?"

"उद्या मुनगा आणा. तुम्हीच निवडा. काडी राहू देऊ नका, तोंडाला टोचते. पानं बारीक असतात, फार वेळ लागतो. लागू द्या. माझ्या पलंगापाशीच निवडा."

"हव," सर म्हणाले.

थोडं पुढे गेल्यावर, अगदी हळू आवाजात, "कोवळाच पाहून आणीन."