गाडीचे शेजारी

टिपणीसकाका जुनी गाडी बघायला गेले की गाडी सोडून बाकी सगळं बघतात. बॉनेट उघडत नाहीत, टायरला लाथ मारत नाहीत. मालकाने हौसेने इंजिन चालू करून दाखवलं तर "बंद करा हो, बोलता येत नाही" म्हणतात. आपण गाडीभोवती एक फेरी मारून वर बघावं तर काका गायब. बऱ्याच वेळाने ते त्याच इमारतीत, कुणा परक्याच्या स्वयंपाकघरात चहा पिताना सापडतात.

"कळलं," खाली येऊन ते शांतपणे सांगतात. "ही नको."

काय कळलं, ते मला कधीच कळलेलं नाही.

काका ठाण्यात वर्तकनगरला माझ्या समोरच्या दारात राहतात. त्यांची सगळी नोकरी एका औषध कारखान्याच्या तपासणी विभागात झाली. कागद पुरा झाल्याशिवाय एक गोळी बाहेर सोडली नाही, हे ते अभिमानाने सांगायचे. घरातही तोच खाक्या. मिक्सर घेतला तेव्हा हमीपत्रावरचा शिक्का पुसट उमटला म्हणून दुकानदाराला दुसरा मारायला लावला होता. सोसायटीच्या गणपतीला मूर्तीची पावती मागणारा हा एकमेव भाविक. तेव्हा असा माणूस जुनी गाडी घेताना कागदांचा फडशा पाडणार आणि मला फक्त मान डोलवावी लागणार, या भ्रमात मी पहिल्या रविवारी त्यांच्याबरोबर गेलो.

गाडी हवी होती मंजिरीला, त्यांच्या मुलीला. मंजिरी फिजिओथेरपिस्ट आहे. तीन वर्षांपूर्वी ती नाशिकहून सासर सोडून आली. का आली हे आमच्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे त्यावर कुणी बोलत नसे. हळूहळू तिने घरोघर जाऊन पेशंट बघायला सुरुवात केली. ते बहुतेक घोडबंदर रोडच्या उंच इमारतींमधले म्हातारे. खांद्याला मशीनची जड बॅग, आणि "तिकडून रिकामं यावं लागतं" म्हणून नाही म्हणणारे रिक्षावाले. अशात तिथल्याच एका केंद्राने तिला कायमचं काम देऊ केलं. अट एकच, स्वतःची गाडी हवी. महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचं होतं. हे काम मिळालं तर मंजिरी खऱ्या अर्थाने पायावर उभी राहणार होती आणि ते तिला मनापासून हवं होतं.

मी संगणकावर काम करतो, म्हणून बटण दाबून चालणारं सगळं मला कळतं असा आमच्या इमारतीत समज आहे. मंजिरी म्हणाली, "निखिलदादा, तू कागद बघ, बाबांना सांभाळ." कागद मी चोख बघितले. हल्ली गाडीचा नंबर टाकला की बरंच काही निघतं. सर्व्हिसिंग कधी झालं, प्रत्येक वेळी किती किलोमीटर झाले होते, विम्याचे किती दावे केले, कुठल्या बाजूला ठोकली. मीटर मागे फिरवला असेल तर तेही पकडता येतं. मी ते सगळं छापून फाईल करून काकांना दिलं. काकांनी ती फाईल उन्हासाठी डोक्यावर धरली.

"हे झालं रे," ते म्हणाले. "पण शेजारी काय म्हणतात?"

मला वाटलं, गंमत करतायत.

पहिली गाडी डोंबिवलीची. पांढरी, एकाच मालकाने वापरलेली, अहवाल स्वच्छ. काका थेट इमारतीखालच्या इस्त्रीवाल्याकडे गेले आणि तिथेच बाकड्यावर बसले. परतले ते नकार घेऊनच. मालक म्हणे फाटक उघडायला वॉचमनला हाक मारत नाही, हॉर्न वाजवतो. मी म्हटलं, काका, त्याचा आणि गाडीचा काय संबंध? त्यावर त्यांनी मलाच विचारलं, की जो माणूस माणसाला हॉर्न वाजवून बोलावतो तो क्लच कसा दाबत असेल?  

बरं, म्हटलं, मालक चांगला असला म्हणजे झालं. कल्याणला तसाच सापडला. शेजारीपाजारी, दूधवाला, समोरच्या आजी, सगळे त्याचे गोडवे गात होते. मी मनातल्या मनात पेढे वाटले. काका मात्र भराभर जिना उतरले. खाली येऊन म्हणाले, "ही नको. सगळेच चांगलं बोलतायत." म्हणजे वाईट बोलले तर गाडी नको, चांगलं बोलले तरी नको. त्या दिवशी बरोबर आलेल्या मंजिरीकडे मी बघितलं. ती बॅगेचा पट्टा सारखा करत होती.

तिसरी घोडबंदर रोडला, एका भल्यामोठ्या टॉवरमध्ये. तिथे काकांची पंचाईत झाली, कारण मालकाला कुणी ओळखतच नव्हतं. शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईंना तिथे कुणी राहतं हेही नवीन होतं. तीसुद्धा बारगळली. काही न कळणं हे सगळ्यात वाईट, असं काकांनी वाहतूक तुंबलेल्या रस्त्यावर उभं राहून मला पटवून दिलं. मला पटलंही. आणि घरी पोचेपर्यंत काय पटलं होतं ते विसरलो.

एव्हाना माझी मती गुंग झाली होती. रस्त्यात उभी असलेली गाडी दिसली तरी मी आधी तिच्या मालकाचा वाणी कोण असेल याचा विचार करायला लागलो. बायको म्हणाली, तुम्ही दोघं एकाच डॉक्टरकडे जा. महिना संपत आला होता. एकदा मंजिरी जिन्यात भेटली तेव्हा तिने त्या केंद्राला अजून चार दिवस मागून घेतल्याचं सांगितलं. यापुढे ते थांबणार नव्हते.

म्हणून शेवटच्या रविवारी आम्ही तिघं शहाडला गेलो. भोईर नावाचे गृहस्थ होते, जुने तिथलेच, आगरी बोलणारे. अंगणात उभी असलेली गाडी लहान, राखाडी आणि नीटस. नोंदी एकमेकींशी जुळत होत्या. एकदा मागचा बंपर बदलला होता, तेही भोईरांनी न विचारता सांगितलं. मला तर गाडीपेक्षा भोईरच आवडले. काका नेहमीप्रमाणे निघाले. शेजारच्या घरी गेले, पलीकडच्या किराणा दुकानात गेले, मग भोईरांच्या चुलतभावाच्या ओट्यावर जाऊन बसले. भाऊबंदकीतून काहीतरी निघेल अशी त्यांना आशा असावी. निघालं एवढंच, की भोईर रागीट आहेत पण मनात ठेवत नाहीत.

काका परत येऊन गाडीजवळ नुसते उभे राहिले. मग त्यांनी भोईरांना विचारलं, की तुम्ही घरी असता तेव्हा कसे असता? भोईरांना हसू आवरेना. म्हणाले, "काका, गारी घेवाला आलाव का पोरगी देवाला?"

त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक! मीही हसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. काकांचा चेहरा पार उतरला होता. इतके रविवार जे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं ते भोईरांनी सहज बोलून टाकलं होतं. मला स्वतःची लाज वाटली आणि काकांचं फार वाईट वाटलं.

मंजिरीने भोईरांकडून चावी मागून घेतली. "एक चक्कर मारून येतो," म्हणाली. ती चालवायला बसली, काका तिच्या शेजारी, मी मागे. गाडी नदीच्या पुलाच्या दिशेने निघाली. छान चालत होती, पण ते बोलायची सोय नव्हती.

पूल आला तसे काकाच बोलले. "तेव्हा मी नुसते कागद बघितले गं. पगार बघितला, डिग्री बघितली, पत्रिका बघितली. सगळं बरोबर होतं. त्यांच्या घराखालच्या वाण्याला जरी विचारलं असतं, तरी त्याने सांगितलं असतं."

"नसतं सांगितलं, बाबा," मंजिरी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "वाण्याशी तो फार चांगला वागायचा. सगळ्यांशीच. तुम्ही अख्खी गल्ली पालथी घातली असती ना, तरी तुम्हाला चांगलंच ऐकायला मिळालं असतं."

 ही गोष्ट काकांच्या ध्यानीमनी नव्हती. तीन वर्षं त्या वाण्याला ते मनातल्या मनात विचारत आले होते, आणि आता तोही हातचा गेला.

"मग कळायचं कसं?" त्यांनी विचारलं. ते खरोखर गोंधळले होते. "कुणाला विचारायचं माणसाने?"

"मला विचारायचं," ती म्हणाली. "मी आल्यापासून तुम्ही मला एकदाही काही विचारलं नाहीत, बाबा. मी वाट बघत होते."

मागे बसून मी खिडकीबाहेर बघायला लागलो. काका समोरच्या रस्त्याकडे बघत होते.  आयुष्यभर ज्याने चौकशा केल्या, त्याला प्रश्न सापडत नव्हता. मग एकदाचा सापडला.

"तिकडे," ते म्हणाले, "जेवायला तरी नीट मिळायचं का गं तुला?"

मंजिरीने गाडी हळूच रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली.