एक तोटी गळतेय

मामा सकाळी साडेपाचला उठत ते बाटल्यांसाठी. मागच्या खोलीत तीन रॅक होते, प्रत्येक रॅकमध्ये अठ्ठावीस टब, प्रत्येक टबात पांढऱ्या उंदरांचं एकेक कुटुंब आणि प्रत्येक कुटुंबाची एक उलटी टांगलेली बाटली. चौऱ्याऐंशी बाटल्या काढायच्या, विसळायच्या, भरायच्या, पुन्हा टांगायच्या. पिल्लं मोठी झाली की प्रयोगशाळांना जात, बाटल्या तेवढ्या कायम राहत. गल्लीतली मुलं त्यांना उंदीरमामा म्हणत आणि हळूहळू मुलांचे आईबापही म्हणू लागले. खरं नाव आता फक्त पोस्टमनला ठाऊक होतं.

लग्न करायचं राहून गेलं होतं. म्हणजे कोणी नाही म्हटलं नव्हतं, पण कोणी विचारलंही नव्हतं. सख्खं माणूस म्हणजे एक थोरली बहीण. ती मुलासुनेकडे राहायची, आठ तासांच्या प्रवासावर. दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन यायचा.

"अरे, ये की आठ दिवस राहायला. माझी खिडकीवाली खोली आहे. तिथंच तुझी गादी घालीन."

"येतो गं ताई. पण बाटल्या?"

"हो रे बाबा, तुझ्या त्या बाटल्या!"

नऊ वर्षं हे संभाषण एका शब्दाचाही फरक न होता चालू होतं. फोन ठेवला की मामा थोडा वेळ तसेच बसून राहत. आठ दिवस ताईजवळ बसायचं, ती बोलेल ते ऐकायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. समोर बसून कोणीतरी बोलतंय आणि त्याला शेपूट नाही, हे सुख त्यांना फार दिवसांत मिळालं नव्हतं.

म्हणून साठावं वर्ष लागल्यावर मामांनी मनाचा हिय्या केला आणि आपोआप पाणी पाजणारी यंत्रणा मागवली. खोक्यातून एक टाकी, वेटोळंभर बारीक नळी आणि चौऱ्याऐंशी पितळी तोट्या निघाल्या. तोटीच्या टोकाला एक पिन. उंदराने ती जिभेने ढकलली की पाण्याचा थेंब पडणार. सोबतच्या कागदावरच्या चित्रात एक उंदीर पाणी पिता पिता हसत होता.

जोडणीला कोपऱ्यावरचा प्लंबर आला. माणूस मितभाषी. काहीही बिघडलं तरी तो एकच वाक्य बोलायचा, "पाण्याचं असंच असतं."

पहिल्या दिवशी एकाही तोटीतून थेंब आला नाही. नळीत हवा अडकली होती. हवा काढली तरी पाण्याला जोर येईना, म्हणून प्लंबरने टाकी उचलून थेट माळ्यावर ठेवली. मग मात्र चौऱ्याऐंशी तोट्यांतून एकदम पिचकाऱ्या उडाल्या. पाच-सहाशे उंदीर, मामा आणि प्लंबर असे सगळे एकाच वेळी नखशिखांत भिजले.

"अहो, बंद करा! बंद करा ते!"

"पाण्याचं असंच असतं," प्लंबर चष्मा पुसत म्हणाला.

टाकी खाली आणली, रॅकच्या वर दीड हातावर बसवली, तेव्हा कुठे थेंब मापात पडू लागला. आता उंदीर पिईनात. ते रोजच्यासारखे पुढे येऊन, मागच्या पायांवर उभे राहून मामांच्या हातातल्या बाटलीची वाट बघत होते. मामांनी प्रत्येक तोटीला मध लावला. उंदरांनी मध चाटला, पाणी चाखलं आणि संध्याकाळपर्यंत सगळे शिकले. मामांना कौतुक वाटलं. आपल्याला फोन शिकायला दोन महिने लागले होते.

पण उंदराच्या बाळंतिणीला घरटं बांधायला कोपरा लागतो आणि नेमका तोटीखालचा कोपरा तिला पसंत पडतो. सकाळी मामा खोलीत गेले तर नऊ टबांत कागदाच्या चिंध्यांचे ढीग तोटीला टेकले होते, पिना आत दबल्या होत्या आणि टबांची तळी झाली होती. एक आई अकरा पिल्लांना एकेक करून उंच जाळीवर नेऊन ठेवत होती. बाराव्यांदा ती खाली उतरली, कोणी राहिलं नाही ना हे बघायला. मामांचे डोळे भरून आले.

त्यांनी नऊही कुटुंबं उचलली, पुसली आणि घरात मिळेल त्या कोरड्या जागी ठेवली. थोड्या वेळाने आलेला प्लंबर स्वयंपाकघरातून म्हणाला, "मामा, चहा टाकू म्हणतो, पण पातेल्यात कोणीतरी राहतंय."

"ते नका घेऊ. दुसरं घ्या."

"दुसऱ्यातही आहेत."

त्या दिवशी चहा झाला नाही. प्लंबरने मात्र जागेवरच डोकं चालवलं. प्रत्येक तोटी दोन बोटं वर घेतली, प्रत्येक पिनेभोवती बाटलीचं बूच कापून टोपी बसवली, प्रत्येक सांध्यात रबराची चकती घातली. चार दिवस तो खपत होता. पाचव्या दिवशी खोलीत एक थेंब सांडला नाही. सहाव्या दिवशीही नाही.

सातव्या दिवशी मामा सवयीने साडेपाचला उठले आणि खोलीत जाऊन उभे राहिले. कोणी पुढे आलं नाही. सगळे आपापल्या कोपऱ्यात पाठ करून निवांत पाणी पीत होते. चौऱ्याऐंशी घरांत त्यांचं काही काम उरलं नव्हतं. मामांना एकदम फार एकटं वाटलं. त्यांनी उजाडताच ताईला फोन लावला.

"आज रविवार नाही ना रे? काय झालं? बरा आहेस ना?"

"ताई, बाटल्या संपल्या! आपोआप पाणी मिळतंय सगळ्यांना. प्लंबर लक्ष ठेवणार आहे. मी गुरुवारी येतोय, आठ दिवस!"

मग ताईने फोनवर हात धरला, पण म्हाताऱ्या हाताच्या फटीतून सगळं ऐकू येत होतं.

"आठ दिवस म्हणतोय," ताई हळूच म्हणाली.

"आई, झोपणार कुठे पण?" सुनेचा आवाज आला. तो रागाचा नव्हता, नुसता काळजीचा होता. "हॉलमध्ये तर तुम्हीच झोपता."

मामांना कळलं. खिडकीवाली खोली नव्हतीच. ताई नऊ वर्षं नसलेल्या खोलीत त्यांची गादी घालत होती. देण्यासारखं तिच्याकडे तेवढंच होतं.

"ताई," ते घाईघाईने म्हणाले, "अगं थांब, एक तोटी गळतेय. ऐकू येतंय का?" आणि त्यांनी फोनजवळ जिभेने टप, टप असा आवाज काढला.

"अगं बाई! मग कसा निघशील तू?" ताईचा जीव भांड्यात पडल्याचं स्पष्ट ऐकू आलं.

"तेच ना. नाहीतर आलोच असतो."

मग ताईने विचारलं, "फार गळतेय का रे?"

"आहे बरीच."

"एकट्याला नाही आवरणार तुला."

"आवरेल गं."

"नाही आवरणार!" ताईने असा आवाज चढवला की तो आतल्या खोलीपर्यंत जावा. "लहानपणापासून तुला पाण्याचं काही कळत नाही. गुरुवारी मीच येते. आठ दिवस तरी लागतील."

फोन बंद झाला. मामांना नाचावंसं वाटलं आणि लगेच घाम फुटला. घरात गळती नव्हती.

"गळवायचं?" प्लंबर त्या पंधरवड्यात पहिल्यांदाच दुखावला. "मामा, वीस वर्षं लोक मला उलट्या कामाला बोलावतात."

"एकच तोटी. गुरुवारपर्यंत."

प्लंबरने सांधे सैल केले. रबराच्या चकत्या पाणी सोडीनात. तोटीला कागद टेकवला तर बुचाची टोपी आड आली. जे थेंब थांबता थांबत नव्हते ते आता पडता पडेनात. गुरुवारी दुपारी दाराची घंटा वाजली तेव्हा मामांनी हातातला मग सरळ रॅकखाली ओतला.

ताई पिशवी हातात घेऊनच खोलीत आली. पूर्वीपेक्षा बुटकी झाली होती. तिने डबकं पाहिलं, नळीवरून बोट फिरवलं, कोरडं बोट पाहिलं, मग मामांच्या हातातला ओला मग पाहिला. शेवटी प्लंबरकडे वळून तिने विचारलं, "आठ दिवसांत होईल का हो?"

प्लंबरने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आठात नाही व्हायचं. पंधरा धरा. पाण्याचं असंच असतं."

"मग तोवर काय, मुके जीव तहानलेले ठेवायचे?" ताईने पिशवी टेकवली आणि बाह्या सरसावल्या. "बाटल्या टाकल्या नाहीस ना? काढ."

मामांनी माळ्यावरून चौऱ्याऐंशी बाटल्या खाली काढल्या. ताई विसळत होती, मामा भरत होते आणि ताई बोलत होती. दोन तासांचं काम अंधार पडेपर्यंत चाललं. तोटीची चटक लागलेल्या उंदरांनी एकाही बाटलीला तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सगळ्या भरलेल्या बाटल्या दोघांनी मिळून रिकाम्या केल्या आणि पुन्हा भरायला घेतल्या.