रुसायची पाळी कोणाची?

कॉलेजची जीपनी, म्हणजे ती लांबडी रंगीत जीपगाडी, बुनगाहान गावात थांबली तेव्हा सकाळचे जेमतेम नऊ वाजले होते. बास्केटबॉलचा सामना दुपारी चारचा, आणि टीममध्ये कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

म्हणजे खरं तर दोघंच बोलत नव्हते, पण ते दोघं न बोलल्यावर उरलेल्यांनी बोलायचं तरी काय? जुंडेल बागाइपो हा कॉलेजचा सगळ्यात वेगवान गडी. बॉल हातात आला की वाऱ्यासारखा सुटायचा आणि पुन्हा तो बॉल दुसऱ्या कोणाला दिसायचा नाही. टिबॉय गालागार हा सगळ्यात उंच. सगळ्यात उंच म्हणजे या टीममध्ये; इतर कॉलेजांत त्याला मधल्या रांगेत उभं केलं असतं. मागच्या सामन्यात जुंडेल पुढे मोकळा उभा राहून हात हलवत होता आणि टिबॉयने बॉल मुद्दाम दुसऱ्याकडे दिला.

"तू परत देतोस का कधी?" टिबॉयने विचारलं होतं.

"तू धावतोस का कधी?" जुंडेलने उलट विचारलं होतं. तेव्हापासून अबोला.

कोच पेर्पेतुआ लुमांतास, म्हणजे पोरांच्या पेतांग मॅम, पुढच्या सीटवर जपमाळ ओढत होत्या. त्यांच्या काळजीला कारण होतं. कॉलेजचे प्रमुख फादर वालेरियानो यांनी हसत हसत सांगितलं होतं, "उपांत्य फेरी गाठली नाहीत तर टीम बंद. मैदानावर गाड्या उभ्या करू. गाड्या निदान हरत तरी नाहीत." आजचा सामना हरला की संपलंच. आणि या बुटक्या पोरांकडे वेगाशिवाय दुसरं काही नव्हतं.

मॅमनी सगळा विचार केला होता. सकाळी लवकर पोचायचं, सावलीत पडायचं, हलकं खायचं. फक्त एक गोष्ट त्या विसरल्या होत्या. फिलिपिन्सच्या या बोहोल बेटावर मे महिन्यात रोज कुठल्या ना कुठल्या गावाचा फिएस्टा, म्हणजे गावजत्रा असते, आणि आज बुनगाहानची होती.

जीपनीच्या दारातच बुनगाहानचे कोच दाल्मासियो उभे. मागे त्यांचे पाचही खेळाडू.

"या, या मॅम! आधी घरी चला. दोन घास."

"सर, पोरांना आज खेळायचंय."

"म्हणून तर! उपाशी पोटी कोणी खेळतं का? माझी बायको पहाटे तीनला उठलीय हो."

आता पहाटे तीनला उठलेल्या बाईला नाही म्हणायचं कसं? पोरं खाली उतरली. जुंडेल मात्र हलला नाही.

"मी टिबॉयच्या पंगतीला बसणार नाही."

"अरे, घरच्यांना काय वाटेल?" मॅम हळूच म्हणाल्या.

"सांगा त्यांना, पोट बिघडलंय." असं म्हणून त्याने टोपी तोंडावर ओढली.

दाल्मासियोंच्या टेबलावर आख्खं भाजलेलं डुक्कर पसरलं होतं. कातडी कशी, बोट लावलं तरी कडकन वाजेल. मॅमचं एक व्रत होतं : दुपारी तीनची प्रार्थना होईपर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. पण वाढलेलं ताट परत नेणं म्हणजे त्या घराचा अपमान. म्हणून मॅमचं ताट टिबॉयसमोर सरकलं.

"मॅम, देवाला चालेल का हे?"

"देवाला चालेल रे. तुझ्या पायांना चालेल का ते बघ."

बाहेर पडले तर शेजारीण फाटकात. "त्यांच्याकडे जेवलात, आमच्याकडे नाही? आमचं डुक्कर काय आजारी होतं?" गेले तिच्याकडे. तिथून निघतात तो टिबॉयची सख्खी आत्या रस्त्यातच भेटली. तिने त्याचा कान धरला. "माझ्या दारावरून तोंड लपवून चालला होतास ना?" आत्याकडे शेवया, चिकट भाताच्या पुरचुंड्या, आणि पुन्हा एक डुक्कर. आत्याच्या समोर टीममधल्या निलोची धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळची मानलेली आई राहायची. आता तिला वगळलं असतं तर निलोच्या लग्नात ती आली असती का?

चौथ्या घरी निलो मॅमच्या कानाशी लागला. "मॅम, हा डाव आहे. आपल्याला जड करतायत."

मॅमना शंका आलीच होती. बुनगाहानची पाच पोरं प्रत्येक घरी बरोबर, शेजारी बसून आग्रह करत होती. "घे रे, अजून एक तुकडा घे!"

"मग खाऊ नकोस ना."

"डाव आहे हो," निलो तोंड भरलेलं ठेवूनच म्हणाला, "पण चटणी फार छान आहे."

तीन वाजता मॅमनी गुडघे टेकले आणि मनापासून मागितलं, "देवा, यांना पळव." मागे कोणीतरी मोठ्ठा ढेकर दिला.

चार वाजता पंचाने मधोमध बॉल उंच उडवला. टिबॉय आणि बुनगाहानचा तो ताडमाड गडी, दोघांनी बॉलकडे पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं. उडी कोणीच मारली नाही. बॉल खाली पडला, दोनदा उसळला आणि घरंगळत पंचाच्या पायाशी आला.

तेव्हा मॅमच्या डोक्यात प्रकाश पडला. डाव कसला नि काय! पाहुण्याला एकट्याने जेवू देणं या बेटावर पाप. यजमान पोरं चारही घरी आग्रह करत होती, आणि प्रत्येक घासाला स्वतःही घास घेत होती.

आता मैदानावर पळू शकणारा माणूस एकच होता, तो रुसलेला. जुंडेल बॉल घेऊन सुसाट निघायचा, पण पलीकडे बुनगाहानची सगळी पोरं बास्केटखाली खांबांसारखी उभी. त्यांना पळायची गरजच नव्हती. जुंडेल जाऊन आदळायचा आणि परत यायचा. त्याचे साथीदार अर्ध्या मैदानात कमरेवर हात ठेवून उभे. मध्यंतराला टीम बरीच मागे होती आणि जुंडेल बाकावर आडवा झाला होता.

"मॅम, डोळ्यांपुढे अंधारी येतेय. सकाळपासून पोटात काही नाही."

टिबॉय पुढे झाला. त्याने आपल्या पिशवीतून केळीच्या पानाच्या चार पुड्या काढल्या.

"तुझा वाटा. प्रत्येक घरचा एक."

जुंडेल बघतच राहिला. "पण मी रुसलो होतो ना?"

"रुसला होतास. मेला नव्हतास."

मॅमनी झडप घालून तीन पुड्या ताब्यात घेतल्या. "चिकट भात तेवढा खा! बाकीचं सामन्यानंतर. एक तरी पाय मला हलका हवाय."

जुंडेलने भात गिळला, बोटं चाटली आणि खाली बघत म्हणाला, "तू उभा राहा. तिथूनच लांब फेक. मी पळतो."

"आणि परत?"

"परत देतो. आईशप्पथ."

मग गंमत सुरू झाली. टिबॉय मागे उभ्या उभ्या बॉल भिरकावायचा आणि तो जमिनीला लागायच्या आत जुंडेल तिथे हजर. खांब त्याच्याकडे वळले की बॉल निलोकडे. निलो अजून चालत येत असला तर जुंडेल बॉल आपटत जत्रेतल्या पाळण्यासारखा गोल गोल फिरायचा.

"लवकर ये ना रे!"

"आलो, आलो! पोट आधी येतंय, मी मागून येतोय!"

शेवटचं मिनिट, एका गुणाने मागे. बुनगाहानच्या पाचही जणांनी उरलंसुरलं बळ एकवटून जुंडेलला घेरलं. आता फेकायचं कुठे? तेवढ्यात पलीकडच्या बास्केटखालून आवाज आला, "अरे, इकडे!"

टिबॉय तिथे एकटाच उभा होता. मागच्या खेपेला तो पुढे गेला होता, आणि परत यायचं त्याच्या जिवावर आलं म्हणून तिथेच राहिला होता. जुंडेलने घोळक्यावरून बॉल दिला. टिबॉयने उडी न मारता, घरातल्या उंच फळीवर डबा टाकावा तसा तो अलगद बास्केटमध्ये टाकला. शिट्टी वाजली.

दाल्मासियो सरांनी मॅमचा हात हातात घेतला. "काय वेग, मॅम! काय एकजूट! किती महिने सराव केलात?"

"सगळं वरच्याच्या हातात, सर," मॅम म्हणाल्या. खोटं बोलायचं नाही हेही त्यांचं एक व्रत होतं.

जीपनी निघाली. जुंडेल आणि टिबॉय एकाच पुडीत हात घालून खात होते. तेवढ्यात मॅमचा फोन वाजला.

"फादर वालेरियानोंचा होता," फोन ठेवत त्या म्हणाल्या. "टीम चालू राहणार. उपांत्य सामना परवा, त्यांच्याच गावी. परवा तिथेही फिएस्टा आहे. फादरांच्या आईने तीन डुकरं सांगून ठेवलीयत. सगळ्यांनी जेवायला यायचंय."

जुंडेलने हातातला घास परत पुडीत ठेवला.

"मी येणार नाही जेवायला," जुंडेल घाईने म्हणाला. "मी टिबॉयवर रुसलोय."

"ए, तू आज रुसलास ना! आता माझी पाळी!"

"तुम्ही दोघं जुने," निलो ओरडला. "मी तर अजून एकदाही रुसलो नाही!"

मॅमनी मागे वळून पाहिलं. पाचही पोरं एकमेकांकडे पाठ करून बसली होती. एवढी एकी त्यांनी या टीममध्ये कधी पाहिली नव्हती.