निंबोल्याचं ऐतिहासिक शेतघर (चुलीसह)

कोणतंही घर ऐतिहासिक ठरायला तीन गोष्टी लागतात: जाड भिंती, दारावर पाटी, आणि आत राहणाऱ्यांची हरकत नसणं. बुऱ्हाणपूरजवळच्या निंबोल्यात रंभाबाईंच्या मळ्यातल्या घराकडे पहिल्या दोन होत्या. तिसरीबद्दल त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि जी हरकत विचारली जात नाही ती नाही असंच धरलं जातं.

पाटी त्यांच्या मुलाने, रितेशने लावली. (तो इंदूरला हॉटेल चालवायचं शिकून आला होता, केळीत त्याचं मन रमेना.) मोगलांची एक बेगम या घरी थांबून घोटभर पाणी प्यायली होती, असं पाटीवर होतं. घर रंभाबाईंच्या आजेसासऱ्यांनी कापूस ठेवायला बांधलं होतं, हे खरं. पण बेगमेला तहान लागतच असणार, आणि पाणी ती कुठेतरी प्यायलीच असणार. बुऱ्हाणपुरात एवढा पुरावा पुष्कळ झाला.

पाहुण्यांच्या खोलीत एसी, गीझर आणि कमोड बसला. उरलेल्या घरातून पुढील वस्तू 'काळाशी विसंगत' म्हणून हटवण्यात आल्या: टीव्ही, प्लास्टिकच्या खुर्च्या (चार), मिक्सर, रंभाबाईंचा गाऊन आणि गॅसची शेगडी.

शेगडीवर रंभाबाई अडून बसल्या. तीस वर्षं त्यांनी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, जाळून रांधलं होतं. अकरा वर्षांपूर्वी गॅस आला तेव्हा त्यांनी शेगडीला हळदकुंकू वाहिलं आणि चूल स्वतःच्या हाताने फोडली. त्याच वर्षी त्यांचा खोकला गेला. आता डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वीस दिवस झाले होते, उजव्याचं पुढच्या महिन्यात होतं, आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की धुरात बसाल तर डोळा हातचा जाईल.

"गेस्टला ऑथेंटिक पाहिजे ना, आई," रितेश म्हणाला. "गॅसवरचं तर ते घरीच खाऊन राहिले."

"मग घरीच खाऊ दे त्यांना. माझा डोळा गेला तर तोबी ऑथेंटिक का?"

शेवटी तडजोड झाली. स्वयंपाक मागच्या खोलीत गॅसवर व्हायचा. मग भाकरीची टोपली पुढे आणून रंभाबाई रितेशने मांडून घेतलेल्या नव्या चुलीसमोर पदर सावरून बसायच्या आणि विझलेल्या राखेत फुंकणीने फुंकायच्या. कोपऱ्यात दोन धूपकांड्या लावलेल्या असत. पहिल्या बेचाळीस पाहुण्यांपैकी एकेचाळिसांना चुलीची चव लगेच कळली. (बेचाळिसावा चार वर्षांचा होता, त्याने मॅगी खाल्ली.) एका गृहस्थांनी तर लाकूड बाभळीचं आहे, हेसुद्धा ओळखलं.

मग पुण्याहून प्राजक्ता आणि तुषार आले. या जोडप्याने नऊ जिल्ह्यांतल्या चुली पाहिल्या होत्या, त्यामुळे त्यांना फसवणं सोपं नव्हतं. तरी ते फसलेच असते. पण डाळीच्या कुकरने शिट्टी दिली. बेगमेच्या काळी कुकर नव्हता, याबद्दल इतिहासकारांत दुमत नाही. प्राजक्ता तडक मागच्या खोलीत गेली.

"मावशी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"गॅस आहे बाई," रंभाबाई म्हणाल्या. "तुह्या घरी नाही का?"

असल्या प्रश्नांना उत्तर देण्याची पद्धत नाही. प्राजक्ताने एक तारा दिला आणि खाली लिहिलं, 'फसवणूक.' आठवड्यात सहा बुकिंगं रद्द झाली. रितेश जेवेना. रंभाबाईंना त्याचा राग आला, पाहुण्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला, कारण तोवर त्या पऱ्हाटीची मोळी आणायला उठल्या होत्या.

त्या दोघांना फेरतपासणीसाठी पुन्हा बोलावण्यात आलं. रंभाबाईंनी चुलीवर खापर पालथं घातलं आणि दीड तास धुरात बसून एकवीस मांडे भाजले. तुषारने त्याचे चाळीस फोटो काढले. एकात धूर कमी वाटला म्हणून तेवढा मांडा पुन्हा करवला. उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख 'हंगाम संपल्यावर' अशी ठरली. डाव्याने आता त्यांना चूल नीट दिसत नाही, पण बसायची जागा ठरलेली असल्याने स्वयंपाकात खंड पडत नाही.

घराला पाच तारे परत मिळाले. प्राजक्ताने लिहिलं: 'निघताना मावशींच्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. पदराने सारख्या पुसत होत्या. दोन दिवसांच्या ओळखीत एवढी माया! आपल्याकडे हे कुठे उरलंय?'

हा अभिप्राय आजवर तीनशे बारा जणांना उपयुक्त वाटला आहे. दिवाळी भरली, नाताळात एक खोली मिळू शकेल. निघताना आपल्या घरचा गॅस तेवढा नीट बंद करून यावं.