नाझरसाहेब दावा हरले

रेवा, ईशान,

उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही येणार. आल्या आल्या आजोबा तुम्हाला समोरच्या फाटकाशी नेतील आणि छाती फुगवून म्हणतील, "हे नाझरसाहेब. यांना मी हरवलं." नाझरसाहेब मान डोलावतील आणि तुम्ही हसाल. खुशाल हसा, पण त्याआधी खरी हकीकत तुम्हाला ठाऊक असावी, म्हणून आजच लिहायला बसले.

आपली गल्ली सकाळी एका आरोळीने जागी होते. "दूधवाला हाजिर होऽऽ!" हे नाझरसाहेब, म्हणजे दिगांबर पिंपळखुटे. सगळी नोकरी कोर्टात गेली, शेवटी नाझर, म्हणजे समन्स-वसुलीचं खातं सांभाळणारे अधिकारी, होऊन निवृत्त झाले. कोर्टात पुकारा पट्टेवाला करतो. निवृत्तीनंतर पट्टेवाला हाताशी राहिला नाही, तेव्हा ते काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. दूधवालाही "हाजिर, साहेब!" म्हटल्याशिवाय किटलीचं झाकण उघडत नाही. भाजीवालीला तारीख मिळते. "आज मेथी नाही. पुढची तारीख सोमवार." पुतणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा मुलाच्या वडिलांना यांनी पहिला प्रश्न केला, "साक्षीदार किती आणले?" लग्न तरीही झालं.

त्यांच्या बायको कुसुमताई माझ्या खांद्याला लागतील एवढ्याच, पण नवऱ्याला पुरून उरतात. "कोर्टानं यायले सोडलं," त्या म्हणतात, "यायनं काही कोर्टाले सोडलं नाही."

आता माझी चूक. तुमच्या बाबांनी फोनवर सांगितलं, आई, आता कपडे धुण्याची मशीन घेच. मी फाटकाशी उभी राहून सहज विचारलं, "नाझरसाहेब, वरून कपडे टाकायची बरी की समोरून?"

त्यांनी चष्मा पुसला. "वहिनी, एकतर्फी निकाल देऊ नका. आम्हालेही मशीन घ्यायचीच आहे. दावा दाखल करून घेतो."

त्या रविवारपासून आपल्या ओसरीवर कोर्ट भरू लागलं. टॉप लोड वादी, फ्रंट लोड प्रतिवादी. नाझरसाहेब वादीचे वकील, आणि न्यायाधीशही तेच. आजोबांनी प्रतिवादीची बाजू घेतली. त्यांना मशीनमधलं काही कळत नव्हतं, त्यांना फक्त नाझरसाहेबांना विरोध करायचा होता.

"विहिरीले दार पाहिलं काय तुम्ही कधी?" नाझरसाहेबांनी सुरुवात केली. "पाणी ज्यात राह्यते त्याचं तोंड वरच असते. घागर घ्या, हंडा घ्या, रांजण घ्या. बाजूनं तोंड असलेली एक तरी वस्तू दाखवा!"

"नळ," आजोबा म्हणाले.

नाझरसाहेबांनी हात झटकला. "नळाले आठ-आठ दिवस पाणी नसते. साक्षीदार फितूर आहे."

पण मुद्दे त्यांचे बिनतोड होते. नळ गेला तर टॉप लोडमध्ये बादलीने पाणी ओतता येतं. मध्येच रुमाल सापडला तर झाकण उघडून टाकता येतो. समोरचं दार एकदा बंद झालं की आत अडकलेल्या सदऱ्याला जामीन नाही. कोपऱ्यावर मोटारी दुरुस्त करणाऱ्या रशीदभाईंना त्यांनी साक्षीला बोलावलं.

"साहेब, अपने इधर पाणी खारं आहे," रशीदभाई हसत म्हणाले. "दोन्ही मशीन रडतात, अन् दोन्ही माझ्याकडंच येतात."

"साक्षीदाराचा स्वार्थ उघड आहे. साक्ष रद्द!"

हे सगळं चालू असताना कुसुमताई मागच्या अंगणात दगडावर कपडे घासत असायच्या. तिथूनच ओरडायच्या, "मशीन कायले पाह्यजे? मी काय म्हातारी झाली काय?"

शेवटी गल्लीतल्या दोन घरांनी नाझरसाहेबांचं ऐकून टॉप लोड आणली. आजोबा हरत चालले होते. तेव्हा त्यांनी एक डाव टाकला. "न्यायाधीश तुम्ही, वकील तुम्ही. मग निकाल एकाच गोष्टीवर. दसऱ्याला तुमच्या घरी टेम्पोतून काय उतरतं ते बघू. फ्रंट उतरली तर सगळ्यांसमोर म्हणायचं, मी चुकलो."

"मंजूर," नाझरसाहेब म्हणाले. जन्मात हा शब्द त्यांनी उच्चारला नव्हता. कुसुमताईंना विचारा.

दसऱ्याच्या आधी मी बसने यवतमाळला गेले. टॉप लोडच घ्यायचं माझ्या मनाशी ठरलं होतं. दुकानात शिरले आणि फ्रिजच्या रांगेमागेच थांबले, कारण समोर नाझरसाहेब होते. उजवा हात त्यांनी पँटच्या खिशात घट्ट खुपसला होता. गुडघे वाकवून ते आपली उंची वीतभर कमी करून उभे होते. घरून पिशवीत ओली चादर आणली होती. ती टॉप लोडच्या तळाशी टाकून डाव्या हाताने बाहेर ओढायची धडपड चालली होती. चादर वर येईना. बघता बघता डोकं मशीनच्या आत गेलं.

"काका, दुसरा हात लावा न," दुकानदार म्हणाला.

"दुसरा हात नाही, असं धरून चाला," आतून घुमत आवाज आला.

"पण आहे न तुम्हाला!"

"हरकत फेटाळली!"

मी तोंडाला पदर लावला. मग ते समोरून उघडणाऱ्या मशीनकडे वळले. जमिनीवरच्या मशीनपुढे उकिडवे बसले, उठताना कण्हले आणि ती नापास झाली. शेजारी एक तशीच मशीन चौथऱ्यावर मांडली होती. तिच्यात चादर टाकली, पुन्हा गुडघे वाकवले आणि डाव्या हाताने ओढली. चादर सळसळत बाहेर आली. त्यांनी ती परत आत टाकली आणि परत ओढली. मग खिशातला हात काढून चौथऱ्याची उंची वितीने मोजली.

माझं हसू तिथेच थांबलं. ती उंची त्यांची नव्हती.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुसुमताई मला म्हणाल्या होत्या, "तुमीच लावून घ्या बाई, माह्या हाताले तिळगुळाचा चिकटा आहे." डाव्या हाताने कुंकू लावत नाहीत, आणि उजवा हात कपाळापर्यंत उचलवत नव्हता. खांदा धरला होता, आणि त्यांनी ते कोणालाही कळू दिलं नव्हतं. त्यांचा मुलगा फोनवर सारखा म्हणतो, आता नागपूरला या, तिथे एकटे कसे राहता? कुसुमताईंना आपलं घाटंजी गाव सोडायचं नाही. आणि आपल्या गल्लीत बोललेली गोष्ट संध्याकाळपर्यंत नागपूरला पोचते.

मी मागच्या पावली दुकानाबाहेर पडले.

दसऱ्याला टेम्पो आला तेव्हा सगळी गल्ली आपट्याची पानं हातात घेऊन उभी होती. खोकं फाडलं, आणि आत समोरचं गोल दार! आजोबांनी टाळ्या पिटल्या. टॉप लोड घेतलेली दोन्ही घरं खवळली. "आम्हाले कायले फसवलं मग? कारण सांगा, नाझरसाहेब!"

"कारणं देणं कोर्टावर बंधनकारक नाही," ते म्हणाले. मग आजोबांच्या हातात आपट्याचं पान ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी चुकलो."

कुसुमताई दारातून म्हणाल्या, "जन्मात पहिल्यांदा!" गल्ली खो खो हसली. पुढे बरेच दिवस दूधवालासुद्धा विचारायचा, "साहेब, विहिरीले दार बसवलं काय?" नाझरसाहेब ऐकून घेत. एरवी एका वाक्याला दहा वाक्यं परत करणारा हा माणूस दुधाचं पातेलं घेऊन आत जाई.

मशीनखाली त्यांनी विटांचा ओटा बांधून घेतला. उंदीर वायरी कुरतडतात, असं कारण सांगितलं. पाण्याला जोर यावा म्हणून गच्चीवर टाकीही चढवली. आणि मी टॉप लोड घेतली. त्यांचे मुद्दे सगळे खरेच होते ना!

मागच्या आठवड्यात कुसुमताई माझ्याकडे चहाला आल्या. डाव्या हातात कप धरून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "वहिनी, कोणाले सांगू नका. तो ओटा उंदरासाठी नाही. यायचे गुडघे गेले. खाली बसवत नाही, पण कबूल करत नाहीत. पोराले समजलं तर नागपूरले नेईन. म्हणून म्या बी शेवटी मशीनीले नाही म्हटलं नाही. माह्यं काय, मी तर दगडावरबी धुतले असते."

"धुतलेच असते," मी म्हणाले.

आजोबांना मी यातलं काही सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. ते अजून दर रविवारी समोर जाऊन चहा पितात आणि आपण कसे जिंकलो ते पहिल्यापासून सांगतात. नाझरसाहेब ते दर वेळी शेवटपर्यंत ऐकतात.