स्केलथ्वेटला गाडी हात केल्यावर थांबते

पहिली गाडी. थांबायची होती, थांबली नाही.

त्या सकाळी स्केलथ्वेटच्या फलाटावर एकही हात रिकामा नव्हता, आणि घोटाळा तिथंच झाला.

म्युरिएल बर्केटनं सगळ्यांना कामं वाटून दिली होती. बँडवाल्यांकडे पितळी वाद्यं, चर्चच्या बायकांकडे पताका, पोस्टातल्या डोरीनकडे घरी भाजलेल्या स्कोनचं, म्हणजे गोडसर पावांचं, भलंमोठं तबक. स्वतःकडे भाषण. रेल्वेच्या मुख्य कचेरीतले प्रीससाहेब सकाळच्या गाडीनं येणार होते आणि हा थांबा ठेवायचा की कायमचा बंद करायचा, हे डोळ्यांनी पाहून ठरवणार होते.

स्केलथ्वेटचा मान असा, की इथं गाडी उगाच थांबत नाही. फलाटावरच्या माणसानं हात करायचा, मगच थांबते. म्युरिएलच्या आजोबांनी या मार्गाची खडी फोडली. त्यांनी हात केला, गाडी थांबली. आईनं तान्ह्या म्युरिएलला काखोटीला मारून हात केला, गाडी थांबली. "राजवाड्यातल्यांनासुद्धा वेळापत्रक बघावं लागतं," म्युरिएल पाहुण्यांना सांगायची. "आम्ही नुसता हात करतो."

गाडी आली. बँडनं सूर धरला. पताका फडफडल्या. खिडकीत प्रीससाहेबांचा आ वासलेला चेहरा दिसला, आणि गाडीबरोबर पुढे निघून गेला.

एकेक वाद्य गप्प झालं. सगळ्यात शेवटी नॉरिसचा भोंगा. नॉरिस म्हणजे म्युरिएलचा नवरा.

"हात कोणी केला नाही?" तिनं विचारलं.

"माझे दोन्ही यात अडकलेले," नॉरिस म्हणाला. "तू काय करत होतीस?"

"माझ्या हातात भाषण होतं."

"एका हातात होतं."

म्युरिएलचा दुसरा हात अजून छातीवर होता. अभिमानानं.

फोन.

"तुमचा साहेब माझ्याकडे आहे," गार्ड जीन पुढच्या गार्सबी स्टेशनवरून बोलत होती. "उतरायचं तर गार्डला आधी सांगायचं असतं, हे त्यांना माहीतच नाही. मुख्य कचेरीतले ना."

"जीन, बाई माझी, परत पाठव त्यांना."

"मिळेल त्या गाडीत कोंबते."

म्युरिएल मागे वळली. "वाद्यं खाली. आता येईल त्या गाडीला हात करायचा. आणि एक नाही, दोन्ही."

दुसरी गाडी. थांबायची नव्हती.

रेल्वेत एक हात म्हणजे विनंती. दोन्ही हात वर म्हणजे पुढे धोका. स्केलथ्वेटमधल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. त्या वेळी फक्त कोणाला आठवलं नाही.

वळणावर धूर दिसला. हौशी प्रवाशांची वाफेची गाडी, गार्सबीला पाणी भरलं की पुढे कुठंच न थांबणारी. तिला समोर अख्खं गाव दोन्ही हात वर करून उभं दिसलं. चाकं किंचाळली, ठिणग्या उडाल्या, आणि कोळशानं माखलेला ड्रायव्हर खाली उतरला.

"पूल पडला?"

"नाही," म्युरिएल म्हणाली.

"रुळावर मेंढ्या?"

"नाही."

"मग आहे तरी काय?"

"स्कोन आहेत," डोरीन म्हणाली.

ड्रायव्हरनं तबकाकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं, आणि दोन उचलले. मागच्या डब्यातून कॉलरवर काजळी घेऊन प्रीससाहेब उतरले. जीननं त्यांना याच गाडीत बसवलं होतं.

तो धूर निघून गेल्यावर साहेब बोलले. "थांबायची ती थांबली नाही. थांबायची नव्हती ती थांबली."

म्युरिएलनं भाषणाची घडी केली. आता काही उरलं नव्हतं.

"थांबा बंद करणार नाही," साहेब म्हणाले. "भर कामाच्या दिवशी एका फलाटासाठी एवढं गाव लोटलेलं मी कुठं पाहिलं नाही. पण हा हाताचा कारभार पुरे. नव्या वेळापत्रकापासून प्रत्येक गाडी इथं आपोआप थांबेल."

टाळ्या पडल्या. नॉरिसनं भोंगा फुंकला. म्युरिएल बाकावर बसली.

"अगं, जिंकलीस की," नॉरिस म्हणाला.

"आपोआप," ती म्हणाली. "गार्सबीला थांबते तशी." गार्सबीचं नाव तिनं आजाराचं घ्यावं तसं घेतलं.

परतीची.

दुपारी साहेबांच्या गाडीचा आवाज आला तसे सवयीनं दहा-बारा हात उठले.

"खाली," म्युरिएल म्हणाली. "जायचंय साहेबांना. साहेबच करतील."

प्रीससाहेब संकोचले. अख्खी नोकरी रेल्वेत गेली होती. कागदावर त्यांनी असंख्य गाड्या पुढे-मागे सरकवल्या होत्या, पण समोरून येणारी गाडी कधी अडवली नव्हती. ते फलाटाच्या कडेजवळ गेले. इकडेतिकडे पाहिलं. आणि एक हात वर केला.

ड्रायव्हरनं शिट्टी दिली. डोंगराकडून दणदणत येणारं ते सगळं लोखंड हळू झालं, आणखी हळू झालं, आणि बरोबर त्यांच्यासमोर उभं राहिलं.

साहेबांचे कान लाल झाले होते.

"बाई," ते गाडीवरची नजर न काढता म्हणाले, "ते आपोआपचं राहू द्या. आहे तसंच चालू द्या."

म्युरिएलचा हात पुन्हा छातीवर गेला.

जीननं दार उघडलं. जरा वाट पाहिली.

"साहेब," ती म्हणाली, "हात खाली घ्या आता. थांबलीये ती."