फितूर नसलेलं झाड

चौसाळ्याच्या शिवारात आमच्या बांधाला बांध लागून बन्सीअण्णांचं मिरचीचं रान आहे. तिथं शिरायचं तर आधी साबणानं हात धुवावे लागतात. बाभळीला साबण टांगलेला, खाली बादली. एवढं सोवळं तर देवळातसुद्धा कुणी पाळत नाही! निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून आले, तर अण्णा म्हणाले, "जोडा, पर आधी धुवा. तंबाखू मळलेली दिसतीय." बिचाऱ्यांनी धुतले.

याचं कारण सांगायला अण्णा एका पायावर तयार. कृषी महाविद्यालयातल्या मॅडमनी त्यांना एकदा समजावलं, आणि अण्णांनी ते गावाला समजावून समजावून जीव नकोसा केला. "विषाणू तंबाखूच्या हातानं येतो. पर त्याच्यापाशी सोताचं काय हाय? काई न्हाई! झाडातलीच काई प्रथिनं फितूर होत्यात, ह्या पेशीतून त्या पेशीत वाट करून देत्यात. घरच्यानंच कडी काढली, मंग चोराला काय बे?"

लग्नाच्या पंगतीत कुणीतरी म्हणालं, "अण्णा, वरण घ्या, प्रथिनं असतात." अण्णांनी विचारलं, "कुणाच्या बाजूची?"

गेल्या साली मात्र साबण कमी पडला. सगळ्या रानात रोग शिरला, पानं पिवळी चट्टेरी झाली. मधोमध एकच झाड हिरवंगार. अण्णांनी त्याला लाल दोरा बांधला. मॅडम फोनवर म्हणाल्या, "रोगी पानाचा रस त्याला चोळून बघा. तरी हिरवं राहिलं, तरच त्याच्या बियाण्याचा उपयोग."

अण्णा काही चोळेनात. "चांगल्या लेकराला आपल्या हातानं दुखणं लावू?"

ते काम मी केलं, तेही चुकून. रोगी झाडं उपटायला त्यांनी मला बोलावलं होतं. तोंडात तंबाखू, हात रसानं चिकट. जाता जाता त्या झाडाचा दोरा सैल दिसला, म्हणून मी आवळायला गेलो, तर पान बोटात चुरगळलं. अगागा! साबण आठवला, पण कधी? गप्प बसता आलं असतं. मला बसवेना, सांगून टाकलं.

शिव्यांची तयारी ठेवली होती. अण्णा फक्त "कावून बे, असं का केलंस?" म्हणाले आणि झाडापाशी मटकन बसले.

मग रोज ते पानं बघायचे. अपराध्यासारखा मीही जायचो. एकदा संध्याकाळी स्वतःहून म्हणाले, "तुझी काकू गेली तवापासून घरात बोलायला कुणी न्हाई. ह्याच्याशी बोलतो. बाजूचे समदे गेले, हे एकलंच ऱ्हायलं. आपल्यावानी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी मी मनातून देवाजवळ झाडासाठी मागणं मागितलं.

पाचव्या आठवड्यात मॅडम आल्या, पान न् पान उलटून पाहिलं. "अजून तपासण्या करू," म्हणाल्या, "पण इथं फितुरी झालेली दिसत नाही. बी धरा, अण्णा." अण्णांनी पाठ फिरवून टॉवेलनं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत होते.

औंदा त्याच बियाण्याची रोपं तरारलीत. पहिली रोपं अण्णांनी त्या जुन्या झाडाभोवती लावली, अगदी खेटून. मी म्हणालो, "अण्णा, अंतर ठेवा की, लई दाटी होईल."

"होऊ दे दाटी," मातीत हात घालूनच अण्णा म्हणाले, "लई दिस एकट्यानं काढलेत त्यानं."